अकरा दिवस तोच आकडा

शुक्रवारचा अंक साडेतीनला रस्त्यावर गेला आणि पावणेचारला कचेरीतला फोन जो वाजायला लागला, तो थांबायचं नाव घेईना.

पहिला फोन एका निवृत्त न्यायाधीशांचा. आडव्या सातला चौकटी सहा आहेत आणि सूचनेप्रमाणे उत्तर तीन अक्षरी निघतंय, तुम्ही लोक शुद्धीवर आहात का, असं त्यांनी निकाल वाचून दाखवावा तशा शांत आवाजात विचारलं. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांचा आवाज अगदी रडवेला झाला होता. तिसऱ्या गृहस्थांनी कचेरीतल्या सगळ्यांच्या अकलेचा उद्धार केला आणि मग नाव न सांगता फोन आपटला. प्रूफं वाचणारे मास्तर एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने कागदावर रेघा ओढत होते. सहा वाजेपर्यंत त्रेसष्ट रेघा झाल्या.

"त्रेसष्ट!" मास्तर म्हणाले. "मागे आपण निवडून आलेल्या उमेदवाराऐवजी पडलेल्याचा फोटो छापला होता ना, तेव्हा चार आले होते. त्यातला एक पडलेल्याचा. आभार मानायला."

झालं होतं असं, की शब्दकोड्याच्या सूचना आजच्या होत्या आणि चौकट कालचीच राहिली होती. पान लावलं होतं पट्टीबाईंनी. पंचवीस वर्षांपूर्वी पानं कागदावर कापून-चिकटवून लावायचे, तेव्हाची स्टीलची पट्टी अजून त्यांच्या टेबलावर असते. आता पानं संगणकावर लागतात आणि पट्टीचा उपयोग फक्त पाठ खाजवायला होतो, पण नाव पडलं ते पडलं. या सायंदैनिकात रोजच्या पानाची रीत साधी आहे. कालचं पान उघडायचं, त्यावर आजची तारीख घालायची आणि वरून खाली येत एकेक जुनं काढून नवं भरायचं. कोरं पान कोणी घेत नाही, वेळ कुणाला आहे? एक वाजता छापखान्यात पानं गेलीच पाहिजेत. या रितीत एकच धोका आहे. जे काढायचं विसरलं, ते शिळं तसंच राहून जातं आणि ताज्यासारखं दिसतं.

फोन थांबल्यावर पट्टीबाईंनी नववं पान पुन्हा उघडलं. निदान कुठे चुकलं ते तरी पाहावं, म्हणून. शब्दकोडं पाहिलं, स्वतःला दोन शिव्या घातल्या, आणि नजर जरा खाली गेली. शब्दकोड्याच्या खाली काडेपेटीएवढा एक चौकोन होता. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: युद्धात आजवर कामी आलेले आपले सैनिक, ३,२१८.

बाईंना वाटलं, हा आकडा काल पाहिलाय. त्यांनी कालचं पान उघडलं. ३,२१८. परवाचं. ३,२१८. त्या मागे मागे गेल्या. मधल्या रविवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा दुसरी मुलगी बसते; तिनेही बिचारीने तोच ठेवला होता. गेल्या आठवड्याच्या सोमवारी तो आकडा खरा होता; मंगळवारपासून आजच्या शुक्रवारपर्यंत अकरा अंक, आणि अकराही अंकांत तेच तीन हजार दोनशे अठरा.

आणि गंमत बघा, त्यांच्या मनात पहिला विचार मेलेल्यांचा आला नाही. पहिला विचार आला की आपली नोकरी जाणार. दुसरा विचार आला तो जास्त वाईट होता. त्यांनी मास्तरांचा कागद ओढून घेतला.

"मास्तर, या त्रेसष्टांत कोणी युद्धाच्या आकड्याबद्दल बोललं का?"

"कुठल्या आकड्याबद्दल?" मास्तरांनी विचारलं.

अकरा दिवस रोज ते पान वाचून, खाली सही करून देणारे मास्तर हे विचारत होते! बाईंनी त्यांना दाखवलं. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "आकड्यात शुद्धलेखनाची चूक नाही ना, बाई. माझी नजर थांबणार कशावर?"

आता कोणी म्हणेल, असं कसं होतं? पण होतं. दीड वर्षापूर्वी युद्ध सुरू झालं तेव्हा हाच चौकोन पहिल्या पानावर होता, अर्धं पान अडवून. नावं असायची, फोटो असायचे. कचेरीच्या दाराशी माणसं अंकाची वाट बघत उभी राहायची. युद्ध खात्याचा संदेश आला की संगणकात टिंग असा आवाज व्हायचा आणि सगळी कचेरी हातातलं काम टाकून धावायची. मग फोटो गेले, जागा पुरेना म्हणून. मग नावं गेली. आकडा तिसऱ्या पानावर गेला, तिथून पाचव्यावर, आणि एक दिवस मोठी जाहिरात आली म्हणून 'तात्पुरता' नवव्यावर, तो तिथलाच झाला. युद्ध होतं समुद्रापलीकडे, पार टोकाला. इथे बस वेळेवर येत होत्या, नळाला पाणी होतं, आणि ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे गेलं नव्हतं त्यांच्या ताटातला एक घासही कमी झाला नव्हता. वसंतात कधीतरी पट्टीबाईंनीच ती टिंग बंद करून टाकली. सारखी वाजते, डोकं उठतं म्हणून. आणि गेल्या आठवड्याच्या त्या मंगळवारी संदेश साडेनऊला यायचा तो वेळेवर आला नाही, बाई म्हणाल्या नंतर बघू, नंतर उन्हाळी सेलच्या जाहिराती आल्या, आणि नंतर बघायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिसऱ्या दिवसापासून डोळ्याला त्या आकड्याची सवय झाली.

बाई तडक संपादकसाहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब शब्दकोड्यामुळे आधीच वैतागलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक प्रश्न विचारला.

"फोन किती आले?"

"एकही नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! अहो, मी घाबरलो होतो. कोणी वाचतच नाही, तर चूक कुणाच्या लक्षात येणार? उद्यापासून तो चौकोन काढा. पाळीव प्राण्यांच्या सदराला जागा कमी पडते म्हणून ते पशुवैद्य कधीचे मागे लागलेत."

"आणि खुलासा?"

"कसला खुलासा? गेलेली वेळ हाका मारून परत बोलवायची? बाई, तुमची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. मी हे विसरलो, तुम्हीही विसरा."

साहेब दुष्ट माणूस होते असं नाही. बाईंच्या आजारपणात त्यांनी महिनाभर स्वतः पानं लावली होती, आणि एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. म्हणूनच बाईंना त्यांच्याशी भांडता येईना. त्या घरी आल्या, नवरा नळाची तोटी खोलून बसला होता, त्याला सगळं सांगितलं.

"कुठलं युद्ध?" नवऱ्याने तोटीवरून नजर न काढता विचारलं. "ते? अजून चालू आहे होय ते?"

बाई त्याच्यावर खेकसल्या. एवढ्या खेकसल्या की तो पाना हातात धरून बघतच राहिला. मग त्यांनाच शरम वाटली. आकडा त्याने थोडाच शिळा ठेवला होता?

शनिवारी सकाळी बाई आठलाच कचेरीत आल्या. नववं पान उघडलं, चौकोनावर बाण नेला, पण पुसायला हात धजेना. पशुवैद्यांचं 'पिल्लाची निगा' तयार होतं, शेजारी वाट बघत होतं. बाईंनी आधी हवामान भरलं, मग भविष्य भरलं, नवीन शब्दकोडं तीनदा तपासलं. चौकोन तसाच.

दहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आत आले. अंगात स्वच्छ कपडे, खिशात भिंग, बोटांच्या टोकांवर पांढरी पूड बसलेली, धुऊनही न जाणारी. दारातल्या पहिल्या टेबलाशी त्यांनी विचारलं, "युद्धाचा आकडा कोण छापतं?" आणि सगळ्यांनी पट्टीबाईंकडे बोट केलं.

बाईंना वाटलं, आला. एक तरी आला. हा आता धारेवर धरणार आपल्याला, आणि बरोबरच करणार.

"बसा काका," त्या म्हणाल्या.

"मी चष्म्याच्या काचा घासतो," काका बसत म्हणाले. "मागच्या गल्लीत. चाळीस वर्षं झाली. तुमचं काम अडवत नाही, दोनच मिनिटं." त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा नव्हता, कात्रणं होती. त्यांनी ती टेबलावर एकाशेजारी एक मांडली, कडा जुळवून. अकरा चौकोन. "हे बघा. तीन हजार दोनशे अठरा. हा दुसऱ्या दिवसाचा, तोच. हा कालचा, तोच. अकरा दिवस, बाई! अकरा दिवसांत आपलं एकही माणूस गेलं नाही. आणि एवढी मोठी बातमी तुम्ही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापता? शब्दकोड्याच्या खाली? राग मानू नका हं. पण मला हे पहिल्या पानावर हवं होतं. मोठ्या अक्षरात."

बाईंनी अकराही कात्रणं एकेक करून पाहिली.

"आमची मुलगी तिकडे आहे," काका सांगत होते. त्यांना कधीचं कोणाला तरी सांगायचं होतं हे दिसतच होतं. "जखमींची गाडी चालवते. पत्र यायला महिना लागतो, आलं तरी त्यात नुसतं मी ठीक आहे. मग आम्हाला आधार तुमच्या आकड्याचा. तिची आई दीड वर्ष गोळी घेऊन झोपायची. आकडा वाढला की त्या दिवशी जेवायची नाही. गेल्या रविवारी मला म्हणाली, अहो, आज गोळी नको. झोपली हो, घोरली! मी जागाच, ते घोरणं ऐकत. सोमवारी म्हणाली, लढाई थांबलीय, हे लोक सांगत नाहीत एवढंच. आज सकाळी पोरीची गादी काढून उन्हात टाकलीय. खिडकीच्या पडद्याचं माप मला घ्यायला लावलं."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. काचवाल्या काकांचा आवाज जरा मोठाच होता. साहेबांनी टेबलावरची कात्रणं पाहिली, बाईंचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार चांगली सूचना आहे तुमची," साहेब म्हणाले. "नक्की विचार करू. या, मी तुम्हाला दारापर्यंत सोडतो."

काका उठले. कात्रणं डबीत भरू लागले. खूश होते. इथे गप्प बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. म्हातारा हसत घरी गेला असता, चौकोन गेला असता, पिल्लाची निगा आली असती. बाईंना काही म्हणजे काहीही करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. आणि नेमकं तेच गेले अकरा दिवस केलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"काका, थांबा," त्या म्हणाल्या. "खोटं आहे ते."

"काय?"

"आकडा. मी बदललाच नाही. रोज संदेश येत होता, मी उघडलाच नाही. विसरले मी. जुनाच आकडा रोज छापला. माणसं जातच होती तिकडे."

साहेबांचा हात खांद्यावरून खाली आला. मास्तर प्रुफावर वाकले आणि तसेच वाकून राहिले. काका मात्र उभे होते, डबी उघडी, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलंच नाही. निघून जायचं त्यालाही सुचत नव्हतं जणू.

"किती?" त्यांनी विचारलं.

बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी संदेशांची यादी काढली. न उघडलेले संदेश जाड अक्षरात दिसतात. अकरा ओळी जाड होत्या, एकाखाली एक. बाई एकेक उघडत गेल्या आणि मोठ्याने वाचत गेल्या. चार. दोन. सात. एक. पाच. सहावा उघडला तेव्हा त्या थबकल्या. काका खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते, खिशातलं भिंग काढून त्यांनी पडद्याजवळ धरलं होतं. गरज नव्हती, अक्षरं मोठी होती. पण चाळीस वर्षांची सवय.

"जखमींच्या गाड्यांचं पथक," काकांनी वाचलं. "दोन."

पुढचे पाच संदेशही बाईंनी वाचले. बेरीज एक्केचाळीस झाली.

"नावं?"

"नावं येत नाहीत आता. घरी माणूस येतो कळवायला."

"आमच्याकडे कोणी आलेलं नाही," काका म्हणाले.

"लागतात कधी कधी तीन आठवडे," मास्तर पुटपुटले आणि लगेच त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली असणार, कारण ते उठून पाणी आणायला गेले.

काका खुर्चीत बसले. बाई वाट बघत होत्या, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण काका शांतपणे बोलू लागले, कोणाशी असं नाही, समोरच्या कात्रणांशी.

"एक सांगू बाई? दीड वर्ष मी सगळ्या गावाला मनातून शिव्या घालतोय. गिऱ्हाईक येतं, एक फ्रेम निवडायला तास लावतं. ही नाकाला टोचते, ती गालावर जाड दिसते. मला वाटायचं, ह्यांना काळीज आहे की धोंडा? तिकडे पोरं मरतात, आणि ह्यांना गालाची पडलीय! आणि या अकरा दिवसांत काय झालं माहितीये? बुधवारी एक बाई आली. तासभर बसली. मी तिला बावीस फ्रेमी दाखवल्या, थट्टा केली, आरसा धरला. तिच्यासारखाच रमलो. ती गेल्यावर ध्यानात आलं, की आपण तासभर पोरीची आठवण काढली नाही." ते थांबले. "धोंडाबिंडा काही नसतो हो. बरं वाटतं, एवढंच. फार बरं वाटतं. आणि मी त्या तासाला हसत होतो तेव्हा ती दोघं आधीच..."

मास्तरांनी पाणी समोर ठेवलं. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर काका म्हणाले, "एक मागू?"

"मागा ना."

"आजच्या दिवस तोच आकडा राहू द्या. नुसता आजच्या दिवस. एवढी गादी वाळू दे. मी उद्या सांगतो तिला. आज संध्याकाळी ती नववं पान उघडेल, तिथे तीन हजार दोनशे अठरा असू दे. एवढं करा माझ्यासाठी."

हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. अख्ख्या शहरात तो चौकोन वाचणारी दोनच माणसं, आणि त्यातलाच एक समोर बसून म्हणत होता, खोटंच छापा! करायला किती सोपं होतं. आकड्याला हात लावायचा नाही, बस.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "उद्याही तुम्हाला हेच वाटेल. मलाही अकरा दिवस रोज वाटत होतं, उद्या बघू. आजचा अंक लागला की मी येते तुमच्याबरोबर. वहिनींना मी सांगते. चूक माझी आहे, तुम्ही का सांगायची?"

काकांनी कात्रणं डबीत भरली आणि ते दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. घरी मात्र गेले नाहीत.

साहेब इतका वेळ खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. वळले तेव्हा कोणाकडेही न बघता म्हणाले, "किती ओळी लागतील?"

"वीस. दोन कॉलम."

"पहिल्यावर घ्या. अग्रभागी. पुलाच्या उद्घाटनाची बातमी खाली जाऊ दे. आणि खाली सही माझी घाला, तुमची नको. मला ठाऊक झाल्यावरही मी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बाई लिहायला बसल्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं मापात बसवलं होतं, स्वतःचं कधी लिहिलं नव्हतं. 'चूक आमची' असं मथळ्यात घातलं. खाली साधं लिहिलं, की गेले अकरा दिवस आम्ही जुनाच आकडा छापत होतो, त्या अकरा दिवसांत आपली एक्केचाळीस माणसं गेली, आणि ज्यांनी आमच्यावर विसंबून जिवाला थोडी उसंत दिली त्यांचे आम्ही गुन्हेगार आहोत. मास्तर 'गुन्हेगार' शब्दावर पेन्सिल घेऊन थांबले, मग पुढे गेले. लिहून झाल्यावर बाईंनी संगणकातली ती बंद केलेली टिंग पुन्हा सुरू केली. पावणेबाराला ती वाजली तेव्हा सगळेच दचकले. त्या दिवसाचा उशिरा आलेला संदेश होता: एक. बाईंनी एक्केचाळीसनंतर 'आणि आज आणखी एक' असं जोडलं, आणि नवा एकूण आकडा, तीन हजार दोनशे साठ, पहिल्याच पानावर घातला. मग नववं पान घेतलं, रिकामा झालेला चौकोन काढला आणि तिथे पशुवैद्यांचं सदर बसवलं. पान एकला दहा मिनिटं असताना गेलं.

पहिली प्रत दोनला खाली आली, अजून गरम, शाई बोटाला लागणारी. काका तेव्हाही बाकावर बसून होते. बाईंनी प्रत घडी घालून काखेत मारली आणि दोघं निघाले.

रस्त्यात शनिवारची गर्दी होती. कोणी गालिचा घेऊन चाललं होतं, कोणी पोराला खांद्यावर बसवून. एका दुकानापाशी दोन बायका छत्रीच्या रंगावरून वाद घालत होत्या आणि हसत होत्या. एरवी बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नसतं. आज पाहिलं, आणि राग आला का म्हणाल तर नाही आला. आपण त्यांच्यातल्याच, हे ठाऊक झालं होतं. वाक्यं मात्र त्या मनातल्या मनात जुळवत होत्या. वहिनी, मी पेपरातून आलेय. वहिनी, आधी बसून घ्या.

घर दुकानाच्या वरच होतं, दुसऱ्या मजल्यावर. गच्चीच्या कठड्यावर निळ्या पट्ट्यांची गादी टाकलेली खालूनच दिसली. जिना चढताना काका दोनदा थांबले. दार त्यांच्याजवळ किल्ली असूनही त्यांनी वाजवलं.

दार उघडणाऱ्या बाईंचे हात ओले होते, केस नुकतेच धुतलेले. नवऱ्याशेजारी अनोळखी बाई पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एका हाताने चौकट धरली.

"कोण?" त्यांनी विचारलं. "कोण आहेत ह्या?"

"अगं, पेपरातल्या आहेत," काका घाईघाईने म्हणाले. "तो आकडा छापतात ना, त्या. दुसरं कोणी नाही."

वहिनींनी श्वास सोडला आणि चक्क हसल्या. "देवा! मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. "या ना, आत या. हे सकाळी म्हणत होते, जाऊन सांगतोच म्हणून. आणलंत का मोठ्या अक्षरात? बघू बघू."

त्यांनी पदराला हात पुसले आणि पेपर घेतला. पहिलं पान वरच होतं. 'चूक आमची' ही अक्षरं तीन बोटं उंच होती, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी. पण वहिनींनी त्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. दीड वर्षाचा सराव होता, अंगठ्याने पानं सरासरा उलटली आणि थेट नववं काढलं. शब्दकोड्याखाली बोट ठेवलं. तिथे पिल्लाला दूध किती वेळा पाजावं ते लिहिलं होतं. त्यांनी पान उलटून दहावं पाहिलं, परत नववं पाहिलं, बोट वरून खाली नेलं.

मग त्यांनी मान वर केली. एवढा आनंद पट्टीबाईंनी कोणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"आकडाच नाही," वहिनी म्हणाल्या. "अहो, आज आकडाच छापला नाही ह्यांनी! म्हणजे संपलं ना? बाई, संपलं ना?"

काका गच्चीकडे तोंड करून उभे होते. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही पट्टीबाईंना आठवेना. त्यांनी वहिनींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसल्या, आणि त्यांच्या मांडीवरचा पेपर हळूच मिटून पहिलं पान वर केलं.

"संपलं नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "इथून वाचा. मी लिहिलंय. मी बसलेय इथे."